अफूची पेटी आणि वैद्याचा प्रश्न

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या अण्णांना घेऊन आम्ही गार्डन रीचमधील एका डॉक्टरांकडे गेलो होतो. अण्णा रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इकडे आले, येथेच निवृत्त झाले आणि येथेच राहिले. पाठीच्या मणक्याचे त्यांचे दुखणे आता नऊ वर्षांचे झाले आहे. शेक, लेप, व्यायाम, साध्या गोळ्या, सारे करून झाले होते. आता अफूच्या कुळातील एखादे औषध द्यावे काय, असा प्रश्न होता. डॉक्टर वयाने तरुण, बोलण्यात शांत. औषधचिठ्ठीला हात लावण्यापूर्वी त्यांनी प्रश्न विचारण्यास आरंभ केला. झोप कशी लागते, झोपेत घोरता काय, मूत्रपिंडाची तपासणी केव्हा झाली होती, झोपेच्या गोळ्या घेता काय, मद्य घेता काय, मन उदास असते काय, घरात लहान मुले आहेत काय, गोळ्या कोठे ठेवता. आणि शेवटी, आपल्या वडिलांना किंवा भावांना कसले व्यसन होते काय. अण्णांचे बंगाली चांगले आहे. इतका वेळ ते नीट उत्तरे देत होते. या प्रश्नाशी मात्र ते थबकले आणि आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अहो, दुखते आहे ती माझी पाठ. हे माझ्या बापाची चौकशी कशाला करताहेत?"

त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला. इतिहासाची थोडीबहुत आवड असल्यामुळे आम्ही त्याचे उत्तर जुन्या गोष्टींत शोधू लागलो, आणि आश्चर्य असे की तो शोध आम्हांस फार दूर घेऊन गेला नाही. त्याची सुरुवात आमच्या राहत्या जागेपासून चार पावलांवर, हुगळीच्या पात्रातच होती.

ज्या वाचकांची बदली कधी काळी कलकत्त्यास झाली असेल त्यांना गार्डन रीच ठाऊक असणारच. दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्य कार्यालय, जहाजे बांधण्याचा सरकारी कारखाना, गोद्या, आणि त्यांच्या आडोशाला मटियाबुर्जची दाट वस्ती. अठराव्या शतकात कलकत्त्याच्या धनिक युरोपीयांनी नदीकाठी बागा व बंगले उभारले, त्यावरून हे नाव पडले. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कलकत्त्यास आला आणि मटियाबुर्जला त्याने आपले लहानसे लखनौ वसविले. १८८७ मध्ये तो येथेच मरण पावला. त्याच्या वाड्यांसमोरून ज्या गलबतांची व आगबोटींची ये-जा चाले, त्यांपैकी अनेकांच्या पोटात अफू असे. कलकत्त्याहून समुद्राकडे जाणाऱ्या जहाजास दुसरी वाटच नाही. गार्डन रीच ओलांडूनच त्याला पुढे जावे लागते.

बंगालच्या अफूचा मक्ता वॉरन हेस्टिंग्जने १७७३ मध्ये कंपनीच्या हाती घेतला. पाटणा व गाझीपूर येथील कारखान्यांत अफूचे गोळे तयार होत, एका पेटीत चाळीस गोळे भरले जात, आणि त्या पेट्या गंगेवरून कलकत्त्यास येऊन त्यांचा जाहीर लिलाव होई. लिलावात घेतलेली पेटी खासगी व्यापारी चीनकडे नेत. कंपनीचे हात लिलावापाशी थांबत आणि नफा मात्र तिच्या तिजोरीत येई, अशी ती सोयीची रचना होती. मोसमी वाऱ्याला तोंड देऊन चीनकडे जाता यावे म्हणून 'रेड रोव्हर' नावाचे चपळ गलबत १८२९ च्या अखेरीस हावड्याकडच्या गोदीतच बांधून पाण्यात सोडण्यात आले. पुढे १८३९ मध्ये लिन झेश्यू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या आणि त्यातून पहिले अफूयुद्ध पेटले, ही हकीकत सर्वांस माहीत आहे.

या साऱ्या दोषाचे गाठोडे इंग्रजांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून जाई, आणि त्या माळव्यात शिंदे व होळकर यांची राज्ये होती. अफूच्या शेतीचे व जकातीचे उत्पन्न त्यांच्याही खजिन्यात पडे. मुंबईतील कित्येक मोठ्या घराण्यांच्या दौलतीचा पाया याच व्यापारात घातला गेला. पुढे गिरण्या उभ्या राहिल्यावर त्यांत राबणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' देऊन झोपवीत व कामावर जात. त्या मातेला निर्दय कोण म्हणेल? पण कोणत्या मुलाला ती गोळी सोसेल आणि कोणते मूल झोपेतून उठणार नाही, हे विचारण्यास तिला सवड नव्हती आणि सांगण्यास कोणी तज्ज्ञही जवळ नव्हता.

लिलावाच्या पेटीवर कारखान्याची खूण असे, वजन असे, भाव असे. ती अफू कोणाच्या पोटात जाणार, याची नोंद मात्र कोठेही नसे. महसुलाच्या हिशेबात त्या प्रश्नाला रकानाच नव्हता.

हा प्रश्न सरकारदरबारी प्रथम मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला तो १८९३ मध्ये. इंग्लंडातील अफूविरोधी चळवळीच्या दडपणामुळे लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमण्यात आला. आयोगाने लंडनमध्ये व नंतर कलकत्त्यास आणि इतर शहरांत बैठका घेतल्या, सातशेहून अधिक साक्षीदार तपासले आणि १८९५ मध्ये आपला अहवाल सादर केला. दरभंग्याचे महाराज लक्ष्मीश्वर सिंह व जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास हे दोन हिंदी गृहस्थ आयोगावर होते; सर विल्यम रॉबर्ट्स या नामांकित वैद्याकडे वैद्यकीय बाजू होती. निष्कर्ष असा निघाला की, हिंदुस्थानात अफू बहुतांशी बेताने घेतली जाते, तिचे स्थान पाश्चात्त्य देशांतील मद्यासारखे आहे आणि तिच्यावर सरसकट बंदी घालण्याचे कारण नाही. हेन्री विल्सन या सभासदाने यावर आपली भिन्नमतपत्रिका जोडली.

दुसऱ्या बाजूसही आवाज होते, आणि त्यांत एक मराठी स्त्री होती, ही गोष्ट आज फारशी कोणाला आठवत नाही. पंडिता रमाबाईंच्या सहकारी व पुण्यात स्त्रीशिक्षणाचे कार्य करणाऱ्या सुंदराबाई पवार यांनी इंग्लंडात जाऊन अफूविरुद्ध व्याख्याने दिली, आणि ब्रिटिश सरकारच्या या अपराधावर आरोप ठेवणारी इंग्रजी पुस्तिका १८९२ मध्ये प्रसिद्ध केली. परक्या भाषेत, परक्या सभागृहात, राज्यकर्त्यांच्या तोंडावर असे बोलणे त्या काळी सोपे नव्हते. नैतिक बाजू पाहता आमचे मन सुंदराबाईंकडेच झुकते.

तथापि हे दोन्ही पक्ष जवळ ठेवून पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. एक पक्ष म्हणे, अफू बहुतेकांना बाधत नाही. दुसरा म्हणे, अफू माणसाचा नाश करते. दोघांजवळ खरीखुरी उदाहरणे होती, आणि दोघेही खोटे बोलत नव्हते. तीच गोळी एकाला वीस वर्षे बाधत नाही आणि दुसऱ्याला दोन वर्षांत धुळीस मिळविते, हेच तर या पदार्थाचे खरे स्वरूप. मग खरा प्रश्न 'अफू चांगली की वाईट' असा नसून 'समोर बसलेल्या या माणसाला ती कशी लागेल' असा ठरतो. त्या अवाढव्य चौकशीत हा प्रश्न लोकसंख्येच्या व महसुलाच्या प्रश्नांखाली दबून गेला.

वैद्यकशास्त्र तरी तो प्रश्न विचारीत होते काय? आपल्याकडील ग्रंथांपैकी शार्ङ्गधरसंहितेत 'अहिफेन' म्हणजे सापाचा फेस, या नावाने अफू येते. नावातच सावधगिरीचा इशारा आहे. युरोपात सर्टुर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे काढले, आणि १८५३ मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर वुड याने त्वचेखाली टोचण्याची पिचकारी वापरात आणली. औषध पोटात जात नाही, म्हणून त्याची भूकही लागणार नाही, अशी पुष्कळांची भाबडी समजूत होती. १८७७ मध्ये बर्लिनच्या लेव्हिन्श्टाइन याने मॉर्फिनच्या व्यसनावर ग्रंथ लिहिला, तोवर वैद्यांच्या पिचकाऱ्यांनी कितीतरी घरे पोखरली होती. पुढे १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्यावर म्हणून 'हेरॉईन' बाजारात आणले. प्रत्येक वेळी नवे औषध निर्धोक असल्याची ग्वाही मिळाली, प्रत्येक वेळी रोग्याला विचारावयाचे राहून गेले, आणि प्रत्येक वेळी रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला.

या विषयात आपल्या देशातील पहिले भरीव शास्त्रीय काम झाले ते कलकत्त्यातच. स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये १९२१ पासून औषधिशास्त्राचे प्राध्यापक असलेले कर्नल रामनाथ चोप्रा यांनी अफू खाणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. उपदेश न करता त्यांनी विचारपूस केली: कधी सुरू केली, कशासाठी, किती, पुढे काय झाले. त्यातून दिसून आले की, अनेकांनी अफूला प्रथम हात लावला तो चैनीसाठी नव्हे, तर सांधेदुखी, खोकला, अतिसार, अतिश्रमाचा शीण अशा कारणांसाठी. वैद्य जवळ नव्हता, अफू जवळ होती. या 'अर्धवैद्यकीय' वापरावर त्यांचा एक निबंध १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. व्यसनी माणूस व दुखणाईत माणूस या दोन जाती नसून पुष्कळदा तो एकच माणूस असतो, हा त्या कामाचा बोध आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत ठरले की, वैद्यकीय व शास्त्रीय कारणे सोडून अफूचा वापर दहा वर्षांत बंद करावयाचा. पुरवठा क्रमाक्रमाने घटवीत १९५९ च्या मार्चअखेर ती मुदत संपली. नंतर अफू मिळे ती वैद्यकीय दाखला देऊन नोंदणी झालेल्या व्यसनी माणसालाच. येथे अफूच्या सरकारी कागदावर माणसाचे नाव आले, आणि त्या नावाशेजारी वैद्याची सही आली. आम्ही पेशाने कारकून. नोंदवहीचे महत्त्व आम्हांस दुसऱ्याने सांगावयास नको. पण नोंदवहीची मर्यादाही आम्हीच जाणतो. दाखला आहे की नाही हे तिला कळते. माणूस कसा आहे हे कळत नाही.

मग १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला. तस्करांना जरब बसावी हा त्याचा हेतू योग्यच होता. परंतु शिक्षा कठोर, परवाने अनेक, आणि लहानशा चुकीसही तुरुंगाची भीती. त्यामुळे रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. देशात वर्षाला सहाशे किलोच्या आसपास असलेला मॉर्फिनचा वापर १९९७ पर्यंत अवघ्या १८ किलोंवर आला. साप समजून भुई धोपटणे यालाच म्हणतात. विपर्यास असा की, कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन पायरीपायरीने कसे द्यावे याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये, म्हणजे या कायद्यानंतर पुढच्याच वर्षी, प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्यास शांती आवेदना सदन हे असाध्य रुग्णांसाठीचे देशातील पहिले शुश्रूषागृह उघडले. गाझीपूर व नीमच येथे सरकारी कारखाने अफूवर प्रक्रिया करीत होते, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवान्याने खसखशीची शेती चालू होती, आणि त्याच देशात कर्करोगाचा रोगी रात्रभर कण्हत पडे. केरळचे डॉक्टर एम. आर. राजगोपाल व त्यांच्यासारखे अनेक जण वर्षानुवर्षे झगडले, तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पुढे मॉर्फिनसह सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरून त्यांच्या परवान्यांची जाचक साखळी सैल झाली.

इकडे अशी कडेकोट बंदी असता अमेरिकेत उलटे टोक गाठले गेले. जानेवारी १९८० मध्ये बोस्टनच्या दोन संशोधकांचे पाच वाक्यांचे पत्र एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. रुग्णालयात अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रोग्यांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्यांत, केवळ चौघांना व्यसन जडल्याची नोंद त्यांना आढळली होती. ही माहिती होती रुग्णालयातील देखरेखीखालच्या रोग्यांची. तिचा दाखला पुढे वर्षानुवर्षे घरी गोळ्या घेणाऱ्या जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी दिला जाऊ लागला. १९९६ मध्ये 'ऑक्सिकॉन्टिन' ही गोळी बाजारात आली. तिच्या व्यसनाचा धोका कमी असल्याचा खोटा प्रचार केल्याबद्दल संबंधित कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोपर्यंत लाखो कुटुंबांना झळ पोहोचली होती. २०१६ मध्ये तेथील सरकारी आरोग्य केंद्राने मार्गदर्शक नियम काढले, तर काही डॉक्टरांनी घाबरून जुन्या रोग्यांच्या गोळ्या एकाएकी तोडल्या आणि नवे हाल सुरू झाले. म्हणून २०२२ मध्ये तेच नियम सुधारून, औषध सावकाश व रोग्याशी बोलून कमी करा, असे सांगावे लागले.

कलकत्त्याचा लिलाव, १९८५ ची धास्ती आणि अमेरिकेतील उधळपट्टी ही वरवर पाहता तीन निराळी प्रकरणे आहेत. आमच्या मते चूक एकच आहे. देणाऱ्याने सर्वांना दिले, नाकारणाऱ्याने सर्वांना नाकारले. समोरच्या माणसाला विचारण्याचे कष्ट दोघांनीही टाळले.

आता अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. वडिलांची चौकशी अशासाठी की, व्यसनाची ओढ काही अंशी रक्तातून व घरातून येते, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. २००५ मध्ये लिन वेब्स्टर या अमेरिकन डॉक्टरने एक लहानशी प्रश्नावली तयार केली. घराण्यातील व्यसन, स्वतःचे व्यसन, सोळा ते पंचेचाळीस हे वय, बालपणी झालेला अत्याचार आणि मानसिक आजार, या गोष्टींना गुण देऊन तीपर्यंत धोका कमी, चार ते सात मध्यम, आठ किंवा अधिक असल्यास फार, असे ती ठरविते. घोरण्याचा प्रश्न अशासाठी की, ही औषधे श्वास मंद करतात. झोपेत ज्याचा श्वास आधीच अडखळतो त्याला ती घातक ठरू शकतात. झोपेची गोळी किंवा मद्य यांची जोड मिळाली तर हा धोका कितीतरी वाढतो. मूत्रपिंड दुबळे असेल तर औषध शरीरात साचते. आणि घरात लहान मूल असेल तर गोळ्यांच्या डब्याला कुलूप हवे.

पण प्रश्नावली म्हणजे पंचांग नव्हे. गुण कमी पडले म्हणून माणूस सुरक्षित आणि जास्त पडले म्हणून अपात्र, असे अनुभव सांगत नाही. अशा प्रश्नावल्यांचे भाकीत पुष्कळदा चुकते, हे त्यांच्या परीक्षणातून पुढे आले आहे. फॉर्म भरून घेतला म्हणजे विचारपूस झाली, असे मानण्याचा मोह कारकुनालाच होतो असे नाही, डॉक्टरलाही होतो. उत्तरांचा उपयोग रोग्याला दारातून परत पाठविण्यासाठी नसून, औषध द्यावे काय, द्यावयाचे तर किती थोडे, किती दिवसांचे, कोणाच्या हाती, आणि पुन्हा केव्हा पाहावयाचे, हे ठरविण्यासाठी आहे. मणक्याच्या जुनाट दुखण्यात ही औषधे फार काळ चांगला गुण देतातच असेही नाही. तेव्हा ती थांबवावयाची कशी, हेही आरंभीच बोलून ठेवावे लागते.

अण्णांनी त्या दिवशी वडिलांविषयी काहीच सांगितले नाही. डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही. चिठ्ठी न लिहिता आठवड्याने या म्हणाले. अण्णा वाटभर चिडलेले होते. दुसऱ्या खेपेसही फारसे बोलणे झाले नाही. तिसऱ्या खेपेस मात्र त्यांनी आपण होऊन तोंड उघडले. वडील दारूपायीच गेले होते. आणि दुसरी गोष्ट, जी काकूंनाही ठाऊक नव्हती: गेली दोन वर्षे ते एका दुकानातून चिठ्ठीवाचून अशाच कुळातली गोळी आणीत होते. एकीच्या दोन झाल्या होत्या, दोनाच्या चार. २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेली ती गोळी दुकानदाराने काही न विचारता त्यांना दिली होती. "त्याने कधी विचारलेच नाही," अण्णा म्हणाले, "म्हणून मलाही कधी सांगावे लागले नाही."

डॉक्टरांनी त्यांना रागावले नाही की हाकलले नाही. त्या गोळ्या महिन्यागणिक थोड्या थोड्या कमी करण्याचे एक टिपण त्यांनी तयार केले, डबा काकूंच्या स्वाधीन केला, पाठीसाठी व्यायाम शिकविणाऱ्या बाईंकडे पाठविले आणि दर आठवड्याला बोलावले. पाठ अद्याप दुखते. ती पूर्ण थांबेल असे कोणी म्हटलेले नाही. परंतु चारावरून एकीपर्यंत ते आले आहेत, आणि सायंकाळी आमच्याबरोबर नदीच्या घाटापर्यंत चालत येतात. परवा समोरून एक जहाज समुद्राकडे निघाले होते. आम्ही त्यांना पाटण्याच्या पेट्यांची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "त्या पेट्यांवर घेणाऱ्याचे नाव असे काय हो?"

नसे, असे आम्ही सांगितले.